सहा वर्षांची एक स्पर्धा

इतिहास म्हटला कीं राज्यें आणि लढाया यांचेंच स्मरण होतें. परंतु खेळांच्या स्पर्धांनाहि इतिहास असतो. आणि ज्या स्पर्धा टिकल्या नाहींत त्या कां टिकल्या नाहींत, हा प्रश्न विशेष उद्बोधक असतो. क्रिकेटची चॅंपियन्स लीग ट्वेंटी-ट्वेंटी ही स्पर्धा अशांपैकींच एक होय.

निरनिराळ्या देशांतील विजयी क्लबांनीं एकमेकांशीं झुंजावें, ही कल्पना मूळची युरोपांतील. फुटबॉलमध्यें ती १९५५ सालीं आणि रग्बींत १९९५ सालीं रूढ झाली. अर्थात् तेथेंहि प्रत्येक रोप जगलें असें नाहीं. रग्बींतील ब्रिटिश अँड आयरिश कप २००९ सालीं सुरू होऊन २०१८ सालीं संपला.

भारत, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथील क्रिकेट-मंडळांनीं मिळून आपली स्पर्धा डिसेंबर २००८ मध्यें भरविण्याचें योजिलें होतें. परंतु २६ नोव्हेंबरला मुंबईवर भीषण हल्ला झाला आणि तो बेत रद्द करावा लागला. पहिली स्पर्धा २००९ च्या ऑक्टोबरांत भरली व न्यू साउथ वेल्सनें ती जिंकली. पुढें चेन्नईनें २०१० व २०१४ सालीं, मुंबईनें २०११ व २०१३ सालीं, आणि सिडनी सिक्सर्सनें २०१२ सालीं विजय मिळविला. जुलै २०१५ मध्यें ही स्पर्धा बंद केल्याचें जाहीर झालें. प्रेक्षकांचा पुरेसा लोभ तिला लाभला नाहीं, हें चालकांनाहि मान्य करावें लागलें.

हा लोभ कां जडला नाहीं? माझ्या मतें याचें उत्तर एका अडचणींत सांपडतें. एकच खेळाडू दोन पात्र संघांचा असला, तर त्यानें कोणाकडून खेळावें? नियम असा होता कीं, त्यानें मातृसंघ सोडून दुसऱ्या संघाची निवड केल्यास त्या मातृसंघास भरपाई द्यावयाची. जिव्हाळ्याची किंमत अशी रोकडींत ठरली.

दोन उदाहरणें पाहा. कायरन पोलार्ड २००९ सालीं त्रिनिदादकडून खेळला आणि न्यू साउथ वेल्सविरुद्ध त्यानें अवघ्या १८ चेंडूंत ५४ धावा काढल्या. पुढल्याच वर्षीं लिलांवांत तो मुंबईकडे आला. आणि २०१३ च्या उपान्त्य सामन्यांत मुंबईनें त्रिनिदादला हरविलें तेव्हां तो मुंबईच्या बाजूस होता. उलट प्रवीण तांबे हा मुंबईचा. भर पावसाळ्यांत चालणाऱ्या कांगा लीगसारख्या सामन्यांत त्यानें वर्षानुवर्षें फिरकी टाकली. परंतु प्रथम श्रेणीचा एकहि सामना त्याच्या वांट्यास आला नव्हता. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं राजस्थाननें त्यास घेतलें. २०१३ च्या या स्पर्धेंत त्यानें सर्वांहून अधिक, म्हणजे १२ बळी मिळविले. ६ ऑक्टोबरला दिल्लींत झालेल्या अंतिम सामन्यांत तो मुंबईविरुद्ध उभा होता! मुंबईच्या रणजी संघाचें दार त्यास त्यानंतर उघडलें.

आतां आपल्या ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांकडे वळूं. तानसा आणि भातसा यांचें पाणी मुंबईस जातें. त्याच शहापुरांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत पाण्याच्या टॅंकरची वाट पाहतात. भातकापणी झाली कीं येथील रिकाम्या खाचरांत पोरें स्टंप रोवतात, आणि मुंबईचा संघ तो आपलाच मानतात. पण आसनगांवास येऊन लोकल धरणारा, किंवा मुरबाडहून मोटारनें कल्याण गांठणारा मुलगा त्या संघापर्यंत कसा पोहोंचावा? मुंबईंत राहणाऱ्या तांब्यालाहि एकेचाळीस वर्षें लागलीं.

या स्पर्धेनें तांब्यास जगापुढें आणलें, हें तिचें ऋण विसरतां येणार नाहीं. दूरच्या गुणी माणसास संधि देण्याचें सामर्थ्य पैशांत आहे. परंतु गांवाचें नांव लावल्यानें गांव आपलें होत नाहीं; त्यासाठीं गांवांतील मुलांसाठीं वाट करावी लागते. सहा वर्षांत संपलेल्या या स्पर्धेपासून चालकांनीं एवढें जरी घेतलें, तरी त्या खाचरांतील पोरांचें प्रेम एकतर्फी राहणार नाहीं.