परदेशातला हनिमून : आखणी आणि हिशेब

आमच्या वेळी चांदनीतले लग्न झाले की जोडप्याने आधी कुलदैवताला जायचे, मग घरी सत्यनारायण, आणि रजा उरलीच तर चार दिवस पचमढी. आता साखरपुड्याच्या दिवशीच ‘बाली की फुकेत’ अशी चर्चा सुरू होते. त्यात गैर काही नाही. पण कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षे काढल्यामुळे, लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात हनिमूनच्या कर्जाचा हप्ता चुकवणारी जोडपीही मी पाहिली आहेत. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी ही माहिती.

ठिकाण ठरवण्याआधी लग्नाची तारीख पाहावी. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर एक हंगाम असतो आणि दुसरा एप्रिल-मेमध्ये. पहिल्या हंगामात फुकेतकडचा समुद्र शांत असतो, पाऊस नसतो. बालीत मात्र साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाचे दिवस. एप्रिल-मेचे लग्न असेल तर बाली उत्तम. मालदीवला जानेवारी ते एप्रिल कोरडा काळ. मॉरिशसला जानेवारी ते मार्चमध्ये वादळांचे भय असते. पॅकेज स्वस्त दिसले की पहिला प्रश्न हाच विचारावा, की तिथे तेव्हा पाऊस आहे का?

आता पासपोर्ट. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळचे आणखी २०००. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून साखरपुडा होताच अर्ज करावा. परतीच्या तारखेनंतरही निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी.

इथे नावाचा घोळ हमखास होतो. माझ्या पुतणीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता. सासरच्यांनी हौसेने तिकीट नव्या नावाने काढले. विमानतळावर काउंटरवरूनच तिला परत पाठवले, आणि ऐनवेळी काढलेले दुसरे तिकीट पहिल्याच्या दुपटीने पडले. पोर रडत होती आणि जावईबापू फोनवर माझ्याशी बोलत होते. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर खुशाल जाता येते. फक्त तिकीट, हॉटेल, विमा, व्हिसा सगळे त्याच नावाने हवे. आपली नावे तीन भागांची असतात, मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे हा गोंधळ नको. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवावे.

व्हिसाचा खर्च देशागणिक वेगळा. मॉरिशसला भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, मालदीवमध्ये विमानतळावर परवाना विनाशुल्क मिळतो. बालीत उतरल्यावर घ्यायचा व्हिसा माणशी ५ लाख रुपिया, शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपियाचा पर्यटन कर. (आकडे पाहून घाबरू नका, रुपिया फार स्वस्त आहे.) थायलंडला १ मे २०२५ पासून आगमनाचे डिजिटल कार्ड जाण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन भरावे लागते. त्याला पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर ती वेबसाइट खोटी समजावी. युरोपात शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आणि ३० हजार युरोचा विमा सक्तीचा. नेपाळ-भूतानला मतदार ओळखपत्रावर जाता येते, पण भूतानमध्ये भारतीयांना माणशी दर रात्री १२०० रुपये विकास शुल्क आहे, ते हिशेबात धरावे.

अंदाजपत्रक कागदावर मांडा, मोबाइलमध्ये नको. दोघांनी बसून मांडा. समजा थायलंड, सहा रात्री, दोघे जण. विमान ५० हजार, हॉटेल ३० हजार, जेवण-टॅक्सी-बोटी ४० हजार, चांदनीहून मुंबईला रेल्वेने जाणे-येणे आणि एक मुक्काम ८ हजार, विमा २ हजार, खरेदी १५ हजार. झाले १ लाख ४५ हजार. त्यावर दहा टक्के राखीव, म्हणजे १४,५००. एकूण १ लाख ५९ हजार ५००. हे आकडे फक्त नमुन्याचे आहेत. आपल्या तारखेचे भाव घाला, पण रकाने हेच ठेवा. मुंबईपर्यंतचा रकाना आपली मंडळी हटकून विसरतात. मालदीवला विमानतळापासून बेटापर्यंतच्या बोटीचे किंवा सी-प्लेनचे भाडे बहुतेक वेळा वेगळे असते, तेही विचारून घ्यावे.

पॅकेज घेतले तर ५ टक्के जीएसटी लागतो. शिवाय टीसीएस. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये परदेशी पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के असा दर होता. बजेटमध्ये हा दर बदलत असतो, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा. टीसीएस हा जादा कर नाही, आगाऊ कापलेला आयकर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण तो ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच मिळतो. सासरेबुवांनी पैसे भरले तर रक्कम त्यांच्या २६-एएसमध्ये दिसेल, जावयाच्या नाही. यावरून एका घरात अबोला झालेला मला ठाऊक आहे. विमान आणि हॉटेल वेगवेगळे, स्वतः बुक केले तर ते पॅकेज ठरत नाही.

कर्जाबद्दल माझे मत कडक आहे. २ लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ९,६०० रुपये, आणि व्याज ३० हजारांच्या वर. सहा रात्रींचे हप्ते दोन वर्षे! त्याऐवजी साखरपुड्यापासून दोघांनी आपापल्या खात्यात आठ महिने १० हजारांचे आवर्ती खाते चालवले तर १ लाख ६० हजार मुद्दल हातात येते, म्हणजे वरचा नमुना पूर्ण भागतो. सुनेचे पैसे तिच्याच खात्यात राहू द्यावेत, एवढे सासूबाईंना सांगतो. आहेराच्या पाकिटांवर मात्र बेत आखू नये.

परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडून किंवा बँकेतूनच घ्यावे. पॅन लागते, ५० हजार किंवा अधिकचे चलन रोखीने मिळत नाही. बहुतेक देशांसाठी नोटांची मर्यादा एका प्रवासाला ३००० डॉलर आहे. दोघांना तेवढ्याची गरजही पडत नाही. थोड्या नोटा आणि बाकी फॉरेक्स कार्डावर, हा माझा सल्ला. साध्या क्रेडिट कार्डावर पुष्कळ बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावतात. दुकानदाराने मशीनवर ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारले तर स्थानिक चलनच म्हणावे. रुपयांत म्हटले की त्यांचा भाव लागतो. एक कार्ड नवऱ्याकडे, दुसरे बायकोकडे, वेगवेगळ्या पिशव्यांत.

परत आल्यावर उरलेले डॉलर कपाटात पडून राहतात. २००० डॉलरपर्यंत जवळ ठेवायला हरकत नाही, त्यावरचे १८० दिवसांच्या आत बँकेला परत करावे. टीसीएसची पावती विवरणपत्र भरेपर्यंत लग्नाच्या अल्बममध्ये ठेवली तरी चालेल, निदान सापडेल तरी.