अनेकांचा संगणक बंद करतांना

एकट्याच्या उपयोगाचें यंत्र थांबवावयाचें असेल, तर मालकाची इच्छा पुरेशी असते. अनेकांच्या उपयोगाचें यंत्र थांबवावयाचें म्हटलें, म्हणजे प्रश्न यंत्रापुरता राहत नाहीं. तो दुसऱ्यांच्या अपुऱ्या कामाचा होतो. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं सीटीएसएस ही पद्धति करून दाखविली. एकच संगणक आपला वेळ क्षणाक्षणानें वांटून देई, आणि प्रत्येकास तो आपल्याच सेवेंत आहे असें वाटे. बंद करण्याचा प्रश्न तेव्हांपासूनचा.

या प्रश्नाचें मूळ लिहिण्याच्या गतींत आहे. चकतीवर लिहिणें स्मृतीच्या मानानें फार मंद; म्हणून मजकूर आधीं स्मृतींत ठेवून सवडीनें चकतीवर उतरविला जातो. मध्येंच यंत्र थांबलें, तर एकाचें लिखाण जाईल, एवढेंच नव्हे. चकतीवरील कोणता भाग कोणाचा, ही नोंदच अर्धवट राहिल्यास सर्वांचें नुकसान होईल.

पुढें आलेल्या मल्टिक्स पद्धतींत यंत्र कोलमडल्यावरही स्मृतींतील मजकूर चकतीवर उतरवून घेण्याची तांतडीची सोय होती. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेनें मल्टिक्सचा नाद सोडला, व तेथील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्सचा आरंभ केला. त्यांची रीति साधी: गंभीर दोष दिसला कीं यंत्र थांबवावें व पुन्हा सुरू करावें. दर ३० सेकंदांनीं साठलेला मजकूर चकतीवर उतरविणारा एक कार्यक्रम असे. तरीही यंत्र बंद करण्यापूर्वीं चालक ‘सिंक’ ही आज्ञा हातानें देत.

पुढें बर्कले येथील युनिक्समध्यें हा क्रम एका आज्ञेंत बांधला गेला. प्रथम सर्वांना सूचना. वेळ जवळ येईल तसतशी ती अधिक वेळां. अखेरचीं पांच मिनिटें उरलीं कीं नव्यांस प्रवेश बंद. मग चालूं कार्यक्रमांस आवरण्याचा इशारा, न ऐकणाऱ्यांचा शेवट, आणि उरलेला मजकूर चकतीवर. सुरू करतांना क्रम उलट: आधीं चकत्यांची तपासणी, मग सेवा, आणि दार शेवटीं उघडावयाचें.

चकत्या मोठ्या झाल्या, तशी अपघातानंतरची तपासणी तासन्‌तास चालूं लागली. त्यावर उपाय निघाला तो व्यापाऱ्याच्या ओळखीचा: खतावणीस हात लावण्यापूर्वीं रोजकीर्दींत नोंद करावी. २००१ सालीं लिनक्समध्यें आलेली एक्स्ट-३ ही रचना याच तत्त्वावर उभी आहे. यंत्र एकाएकीं थांबलें, तरी अपुऱ्या नोंदी पाहून हिशेब थोडक्यांत जुळवितां येतो.

मल्टिक्सचें अखेरचें यंत्र कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें ३० ऑक्टोबर २००० रोजीं कायमचें बंद झालें. सूचनेची रीति मात्र मागें पडलेली नाहीं. रोजकीर्द यंत्राचा हिशेब राखते. परंतु एखाद्यानें लिहिलेला आणि अद्याप जतन न केलेला परिच्छेद तिच्यांत नसतो. तो वांचविणें लिहिणाऱ्याच्याच हातीं असतें, आणि त्याकरितां त्याला पांच मिनिटें आधीं कळावें लागतें.