पहिले महायुद्ध आणि आसाम मिलिटरी पोलीस

प्रस्तावना

'लष्करी पोलीस' म्हटले की आपल्यासमोर सैन्यात शिस्त राखणारा, छावणीच्या फाटकावर किंवा लष्करी वाहनांच्या ताफ्यापुढे उभा असलेला लाल टोपीचा जवान येतो. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानात मात्र 'मिलिटरी पोलीस' या नावाचा अर्थ वेगळा होता. सैन्यासारखी शस्त्रे व कवायत असलेले, पण प्रांताच्या नागरी प्रशासनाच्या हुकमतीखाली असलेले ते सशस्त्र दल होते. आसाम मिलिटरी पोलीस हे त्याचे एक उदाहरण. युद्धकाळात या दलाने प्रत्यक्षात कोणते काम केले, हे या पाठात पाहू.

दलाची घडण

१८३५ मध्ये सुमारे ७५० शिपायांची 'कछार लेव्ही' उभी राहिली. मैदानातील वस्त्या, आणि पुढे चहामळे, यांचे डोंगरी टोळ्यांच्या हल्ल्यांपासून रक्षण करणे हे तिचे काम होते. या शिपायांना सैन्यापेक्षा पगार कमी होता, पण शस्त्रे साध्या पोलिसांपेक्षा चांगली होती. सरकारला सरहद्द स्वस्तात सांभाळायची होती, हे यावरून दिसते. १८८३ मध्ये दलाला 'फ्रंटियर पोलीस' आणि १८९१ मध्ये 'आसाम मिलिटरी पोलीस' असे नाव मिळाले. शिपायांत गुरख्यांचा भरणा मोठा होता. अधिकारी सैन्यातून काही काळासाठी पाठवले जात.

युद्धातील दोन आघाड्या

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर गुरखा पलटणींमधील पडलेल्या जागा भरण्यासाठी तयार माणसे हवी होती. आसाम मिलिटरी पोलिसांतून तीन हजारांहून अधिक जवान या पलटणींकडे गेले आणि युरोप व पश्चिम आशियात लढले. त्यांच्या कामगिरीची दखल म्हणून १९१७ मध्ये दलाचे नाव 'आसाम रायफल्स' करण्यात आले.

याच वर्षी दुसरी आघाडी घराजवळ उघडली. सरकारला फ्रान्समध्ये मजूरही हवे होते. मणिपूरमधून सुमारे २,००० माणसांची तुकडी गेली, त्यानंतर आणखी भरती सुरू झाली. अनेक कुकी प्रमुखांनी माणसे देण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९१७ मध्ये मोंबी (लोनपी) हे गाव सरकारी तुकडीने जाळले, आणि वर्षअखेरीस संघर्ष उघडपणे पेटला. तो १९१९ पर्यंत चालला. कुकींकडे जुन्या ठासणीच्या बंदुका आणि 'पुंपी' नावाच्या चामड्याच्या तोफा होत्या. त्यांच्यासमोर आसाम रायफल्स आणि ब्रह्मदेशाकडून आलेले बर्मा मिलिटरी पोलीस उभे होते.

या मोहिमेची पद्धत लक्षात घ्या. गावे जाळणे, धान्य नष्ट करणे, गुरे मारणे, ठाण्यांची साखळी उभारून पेरणी अडवणे, हे सारे त्यात होते. म्हणजे मार लढणाऱ्यांइतकाच त्यांच्या घरच्यांनाही बसला. या काळात कुकींच्या हल्ल्यांची झळ काही नागा गावांनाही लागली, हे विसरू नये. अखेर प्रमुखांना आसामातील सदिया आणि ब्रह्मदेशातील तौंग्यी येथे स्थानबद्ध करण्यात आले.

नावांचा प्रश्न

सरकारी कागदपत्रांत या घटनेला 'बंड' म्हटले आहे. कुकी समाज तिला 'अँग्लो-कुकी युद्ध' म्हणतो. बंड म्हटले की ते मोडणाऱ्याचे काम 'पोलिसी' ठरते. युद्ध म्हटले की समोरचा पक्षही लढणारा पक्ष ठरतो. म्हणून इतिहास वाचताना नाव कोणी दिले, हे आधी विचारावे. आसाम रायफल्सच्या गौरवाचे वर्ष आणि मोंबी जळाल्याचे वर्ष एकच आहे. दलाच्या इतिहासात पहिली नोंद ठळक असते. दुसरी शोधायला डोंगरातल्या गावांकडे जावे लागते.

समारोप

आजही आसाम रायफल्सचे प्रशासन गृह मंत्रालयाकडे, तर प्रत्यक्ष मोहिमांचे नियंत्रण सैन्याकडे आहे. पोलीस आणि सैन्य यांच्या सीमेवरची ही जागा मूळच्या घडणीतूनच आलेली आहे.

विचार करा: तुमच्या राज्यात ब्रिटिशकाळात उभारलेले एखादे सशस्त्र पोलीस दल आहे का? ते कोणापासून कोणाचे रक्षण करण्यासाठी उभारले होते?