प्रवाळ मत्स्यटाकी : पहिले दोन महिने फक्त पाण्याचे

शनिवारी दुकानातून काचेची टाकी, मिठाची पिशवी आणि पंप आणायचा, रविवारी टाकी भरायची आणि त्याच संध्याकाळी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे तीत सोडायचे. सागरी मासे पाळण्याच्या छंदाची सुरुवात अनेक घरांत अशीच होते आणि पुढच्या शनिवारपर्यंत बहुधा संपतेही. पाणी काचेसारखे नितळ असते, मासे आणताना तरतरीत असतात, खाणेही वेळेवर दिलेले असते. मग ते मेले कसे, हे कोडे घरच्या मंडळींना उलगडत नाही.

मासे मरतात ते स्वतःच टाकलेल्या अमोनियामुळे. त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून त्यात भर पडते. समुद्रात खडकांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यातच समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि पीएच वाढला, की अमोनियाचा विषारी अंश वाढतो. म्हणूनच गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारी घाई येथे खपत नाही.

जागा आणि वजन

पहिल्या टाकीसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच हे माप सोयीचे. अशा टाकीत कागदावर सुमारे १९० लिटर पाणी मावते. खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे १५० लिटर उरते. लहान टाकी सांभाळायला सोपी, हा समज खरा नाही. पाणी जितके कमी, तितके त्यातील बदल झपाट्याने होतात. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून हे ओझे सव्वादोनशे किलोंच्या पुढे जाते. त्यामुळे टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईवरील भिंतीलगत ठेवावी, पाणसळ लावून पातळी पाहावी आणि खिडकीतील थेट ऊन टाळावे.

पाणी नळाचे नको, चौपाटीचेही नको

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, शिवाय शेवाळाला खतासारखे ठरणारे फॉस्फेट आणि सिलिकेटही असू शकते. आरओ यंत्रातून काढून नंतर डीआयोनायझर नळीतून नेलेले, टीडीएस मीटरवर शून्य दाखविणारे पाणी वापरावे. स्वयंपाकघरातील आरओ यंत्राने भागत नाही. चवीसाठी त्यात बहुधा खनिजे पुन्हा मिसळलेली असतात.

समुद्र दारातच आहे, तर तेथून कॅन भरून आणावेत, असे मुंबईकराला वाटणे साहजिक आहे. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. मिठागरातील मीठही कामाचे नाही. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमची संयुगे आधीच खाली बसतात, मॅग्नेशियम शेवटी उरणाऱ्या द्रवात राहते आणि हाती येते ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. प्रवाळ मत्स्यटाकीसाठी मिळणाऱ्या तयार सागरी मिठात ही सर्व द्रव्ये प्रमाणात असतात. १५० लिटर पाण्याला ते साडेपाच किलोंच्या आसपास लागते. मीठ वेगळ्या पिंपात पंप चालवून विरघळवावे.

खारेपणा लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, असा राखतात. प्लॅस्टिकच्या काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर काट्याला बुडबुडा चिकटला तरी चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५ प्रमाणाच्या खात्रीच्या द्रावणावर जुळवून घ्यावा.

खडक कोणता?

प्रवाळ मत्स्यटाकीचा खरा गाळणयंत्रणेचा भाग म्हणजे सच्छिद्र खडक. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालविण्याची पद्धत मांडली आणि पुढे जगभर ‘लाइव्ह रॉक’चा बोलबाला झाला. भारतात मात्र येथेच थांबून विचार करावा लागतो. २००१ पासून खडक रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. समुद्रातून ते तोडणे आणि त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. वाळलेल्या सांगाड्यालाही सूट नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळवसाहती २०२० मध्ये वन्यजीव विभागाची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकरवी हलवाव्या लागल्या, त्या याच कायद्यामुळे.

कठीण प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत. त्यामुळे ‘इंपोर्टेड आहे’ एवढ्या तोंडी आश्वासनावर प्रवाळाचा तुकडा विकत घेऊ नये. आयातीचे कागद मागावेत. साइट्सच्या यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करावी, अशी तरतूद कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीने आली आहे. कागद दाखविण्यास दुकानदार कुरकुर करू लागला, तर ग्राहकाने काढता पाय घ्यावा.

हा बडगा छंदाच्या मुळावर येतो, अशी तक्रार ऐकू येते. इतिहास मात्र कायद्याच्या बाजूने आहे. १८५० च्या दशकात फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकांमुळे इंग्लंडमध्ये घरोघरी सागरी मत्स्यालयांचे वेड पसरले आणि हौशी संग्राहकांनी किनाऱ्यावरील खडकांतील डबकी ओरबाडून काढली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मधील आत्मकथनात त्याबद्दल हळहळ नोंदवून ठेवली आहे.

तेव्हा खडक सिरॅमिकचे किंवा कृत्रिमरीत्या बनविलेले घ्यावेत. त्यांवर जिवाणू तितकेच वाढतात, फक्त वेळ थोडा अधिक लागतो. पुढे त्यांवर जांभळट रंगाचे चुनखडीयुक्त शेवाळ धरले, की खडक कृत्रिम आहे हे ओळखूही येत नाही.

मासे नसलेली टाकी

खडक रचून, पाणी भरून, पंप सुरू केल्यावर टाकीत काहीच सोडायचे नाही, हा या छंदातील सर्वांत अवघड भाग. शुद्ध अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत न्यावा आणि दर दुसऱ्या दिवशी टेस्ट किटने तपासावा. पहिले काही दिवस आकडा हलत नाही. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतो. पुढे नायट्राइटही उतरतो आणि नायट्रेट उरतो. यास साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. बाजारात बाटलीबंद जिवाणू मिळतात, त्यांनी हा काळ घटू शकतो. मात्र तपासणी चुकवता येत नाही. एक खाचखळगा ध्यानात ठेवावा : पाण्यात नायट्राइट असताना अनेक किट नायट्रेटचा आकडा भलताच फुगवून दाखवितात. तोवर नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही.

पुन्हा २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे टाकी तयार झाली. मग बरेचसे पाणी बदलून नायट्रेट खाली आणावा. या काळात दिवे बंदच ठेवावेत. दिवे लावू लागताच वाळूवर तपकिरी साय धरते, पाठोपाठ हिरवे केसाळ शेवाळ येते. नवखा माणूस घाबरून औषधे ओततो. त्याची गरज नसते. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, बेताचा प्रकाश आणि धीर एवढ्यावर बहुतेक टाक्या यातून बाहेर पडतात.

वहीतील आकडे

तापमान आणि पाण्याची पातळी रोज पाहावी. टाकीतून उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. १५० लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर खारेपणा ३५ वरून साडेछत्तीसवर जातो. ही भर साध्या आरओ-डीआय पाण्यानेच करावी. आठवडाभर ती खाऱ्या पाण्याने केली, तर आकडा ३८ च्या पुढे सरकतो. काचेवर टेपची खूण लावून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

तापमान २५ ते २६ अंश हवे. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत बंद घरातच पारा तिशी ओलांडतो, त्यात पंप आणि दिव्यांची उष्णता. पाण्यावर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने दोन-तीन अंश कमी होतात. पण हा इलाज पुणे किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जितका चालतो, तितका मुंबईच्या दमट हवेत चालत नाही. येथे चिलरचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. वीज गेली, तर मासे आधी गुदमरतात ते प्राणवायूअभावी; बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

आठवड्याला नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी मोजून तारखेसह वहीत लिहावी. अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएच, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४४० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास असावे. नोंदणीकृत प्रवाळ नसतील, तर शेवटचे दोन आकडे महिन्यातून एकदा पाहिले तरी चालतात. दर आठवड्याचा दहा टक्के पाणीबदल त्यांना सांभाळून घेतो. आकडा आदर्श आहे की नाही, यापेक्षा तो स्थिर आहे का, हे पाहावे. चुकलेला आकडा एका दिवसात दुरुस्त करायला गेल्यास मूळ चुकीपेक्षा अधिक हानी होते.

पहिले पाहुणे

१९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेआड मुंबईकरांच्या पिढ्यांनी सागरी मासे पाहिले; घरी आणण्याची हौस वाढली ती ‘फाइंडिंग निमो’ या २००३ मधील चित्रपटानंतर. त्यातील निमो, म्हणजे क्लाउन मासा, नवख्यासाठी खरोखरच योग्य आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले असून समुद्रातून न पकडलेली, हॅचरीत वाढलेली जोडी मागून घेता येते. तिला समुद्रफुलाची गरज नसते. चित्रपटातील निळी डोरी मात्र आणू नये. तो मासा फूटभर वाढतो आणि तीन फुटी टाकी त्याला पुरत नाही.

आधी गोगलगायी आणि शंखखेकडे, दोन आठवड्यांनी क्लाउनची जोडी, त्यानंतर महिनाभर काही नाही, हा क्रम बरा. मासे आणल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे करावे, खारेपणात फरक असल्यास टाकीतील पाणी थोडे थोडे मिसळावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत; पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. पहिल्या दहा दिवसांत अमोनिया पुन्हा रोज तपासावा. तो दिसू लागला, तर त्या दिवशी खाणे बंद करून चौथा हिस्सा पाणी बदलावे. यासाठी मीठ विरघळवलेले चाळीस लिटर पाणी पिंपात आधीच तयार असावे.