पट्टीखाली दबलेली कड



आमचे 'हे' दोन वर्षांचे असताना, १९५८ साली, त्यांची आई गेली. पुढे सख्खी मावशीच आई होऊन घरात आली. मावशी गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक फोटो मिळाला. नणंदा म्हणाल्या, ही थोरली, पानशेतच्या पुरातून वाचलेली. दोघी बहिणी दिसायला सारख्या. फोटोला फ्रेम झाली, हार चढला.

यंदा वंशावळीसाठी स्कॅन करायला तो बाहेर काढला. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटलं, नारायण पेठेतलं घर बुडालं, तेव्हाच्या बाकी सगळ्या फोटोंवर चिखलाचे डाग आहेत, मागची शाईतली नावं धुऊन गेलीत. यावर मात्र एक डाग नाही! (हिशेब जुळेना की झोप न येण्याची बी.कॉम.ची खोड.) फ्रेमवाल्यानं पट्टीखाली दाबलेली कड मोठी करून पाहिली, तर मागे वेली चढलेले पांढरे पाय. आपल्या कुंभोजच्या बाहुबलींची २८ फुटी संगमरवरी मूर्ती, प्रतिष्ठापना १९६३ ची. म्हणजे ही मावशी.

सांगू की नको, यात आठ दिवस गेले. सांगितलं. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे आईचा फोटोच नाही आपल्याकडे."

मागे मऊ पेन्सिलीनं मावशीचं नाव लिहिलंय. बॉलपेन उमटतं आणि चिकट पानांचा अल्बम फोटो खातो. आईच्या नावापुढची चौकट रिकामी आहे. दिवाळीनंतर सांगलीला तिच्या माहेरी जाऊन लग्नातले ग्रुप फोटो पाहणार आहोत.