कैकेयीचे दोन वर : राणीची सेवा आणि राजाचं ऋण

कैकेयी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते कोपभवन. ‘गीतरामायण’ ऐकत वाढलेल्या पिढीला भरताचा संतापही आठवेल. रणांगणावरची कैकेयी मात्र चटकन आठवत नाही. आज तिच्याविषयी बोलायचं आहे. ती इतिहासात होऊन गेली, असा माझा दावा नाही. ती काव्यातली राणी आहे. पण काव्यातल्या माणसांनाही एक इतिहास असतो. त्यांची गोष्ट कोणी, केव्हा, कशी सांगितली, त्याचा इतिहास.

वाल्मीकिरामायणात हा प्रसंग अयोध्याकांडाच्या नवव्या सर्गात येतो, आणि तोही मंथरेच्या तोंडून. देव-असुरांचं युद्ध चाललं होतं. इंद्राच्या मदतीला दशरथ दक्षिणेकडे, दंडकाच्या दिशेनं निघाला आणि कैकेयीला बरोबर घेऊन गेला. तिथे वैजयंत नगरात तिमिध्वज, म्हणजेच शंबर नावाचा असुर होता. युद्ध कसं होतं, तर जखमी होऊन रात्री झोपलेल्या माणसांनाही राक्षस मारून टाकत. दशरथ शस्त्रांनी घायाळ होऊन बेशुद्ध पडला. कैकेयीनं त्याला रणातून बाहेर नेलं, त्याचं रक्षण केलं. राजानं संतुष्ट होऊन दोन वर दिले. ती म्हणाली, मला हवे असतील तेव्हा मागेन.

वाल्मीकींच्या या प्रसंगात एवढंच आहे. चाकात हात घातल्याची जी गोष्ट आपण कीर्तनातून ऐकतो, ती इथे नाही. ती अध्यात्मरामायणात आहे, आणि तो ग्रंथ वाल्मीकींच्या पुष्कळ नंतरचा. तिथे रथाच्या आसाची खीळ निसटते आणि कैकेयी त्या भोकात हात घालून रथ सावरते. त्याच ग्रंथात देव सरस्वतीला मंथरेकडे पाठवतात. म्हणजे वनवासाचं पाप कैकेयीच्या एकटीच्या माथी राहत नाही. बघा, परंपरेनं तिचा पराक्रम वाढवला आणि दोष थोडा हलका केला. तिला नुसती दुष्ट म्हणून मोकळं होणं कथेकऱ्यांनाही जड गेलं असावं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. सेवेचं ऋण झालं कसं? वाल्मीकींची कैकेयी रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून आनंदानं मंथरेला दागिना देते. वर तिच्या ध्यानीमनीही नाहीत. मंथरेलाच विचारावं लागतं, विसरलीस की लपवतेस? म्हणजे जिनं सेवा केली, तिनं हिशेब ठेवलेला नव्हता. हिशेब उघडला तो राजानं, आणि उघडाच ठेवला. काय द्यायचं, किती द्यायचं, कधीपर्यंत, काही ठरलं नाही. आजच्या भाषेत, सही करून दिलेला कोरा चेक.

कृतज्ञता आणि कर्ज यांत फरक असतो. कृतज्ञतेची मुदत संपत नाही, पण तिची वसुलीही होत नाही. कर्जाची होते. दशरथानं कृतज्ञतेला कर्जाचं रूप दिलं. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की जीव वाचला तो त्याचा, ऋण त्याचं; फेड मात्र झाली राज्यातून. अयोध्येच्या प्रजेला कोणी विचारलं? ती बिचारी रामाच्या रथामागे रडत धावली. आणि त्या रात्री छावणीत झोपेत मारले गेले, त्यांच्या वाट्याला कुठलाच वर आला नाही.

कैकेयीचा अपराध मी पुसत नाही. एका रात्रीच्या धैर्यानं दुसऱ्या रात्रीचा हट्ट धुऊन निघत नाही. पण हेही तितकंच खरं, की त्या हट्टानं ते धैर्य खोटं ठरत नाही. माणसाच्या कृत्यांची वजाबाकी करून एकच आकडा काढायची आपली सवय इथे कामाची नाही.

शेवटी एक गोष्ट लक्षात घ्या. कैकेयीनं रामासाठी 14 वर्षांचा वनवास मागितला, तो कुठल्या वनात? दंडकारण्यात. आपल्याकडे पूजेच्या संकल्पात आजही ज्याचं नाव घेतात, तेच. जिकडच्या रणात तिनं बापाचा जीव वाचवला, तिकडेच मुलाला पाठवलं. आणि मुलाच्या विरहात बापाचा जीव गेला.

म्हणून सत्तेवरच्या माणसानं आभार जरूर मानावेत. वचन देताना मात्र आपलं काय आणि प्रजेचं काय, हे आधी पाहावं.