नऊ बारचा दाब आणि ओट्यावरचं छोटं मशीन

महाराष्ट्रातल्या लग्नाच्या हॉलमध्ये गेल्या दोन पिढ्यांनी 'एस्प्रेसो' प्यायली आहे. स्टीलचं उभं मशीन, त्यातून बाहेर आलेली नळी, ती दुधात बुडवली की होणारा कर्कश आवाज आणि वर आलेल्या फेसावर भुरभुरवलेली चॉकलेट पावडर. त्या कपात इन्स्टंट कॉफी, दूध, साखर आणि भरपूर वाफ असते. इटलीत ज्याला एस्प्रेसो म्हणतात त्यातली मुख्य गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे दाब.

आता तो दाब घरपोच मिळतो. काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत कितीही किमतीचं छोटं एस्प्रेसो मशीन ऑनलाइन मागवता येतं. खोक्यावर '१५ बार', '२० बार' असं ठळक छापलेलं असतं. पण मशीन घेतलेल्या कोणालाही विचारा, गोष्ट साधारण सारखीच निघते. पहिल्या दिवशी आनंद. मग कॉफी कधी आंबट, कधी जळकी, कधी पाण्यासारखी. मग ग्राइंडर, वजनकाटा, रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ. बटण दाबलं की कॉफी, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात घरी एक नवी विद्या शिकायला घेतल्यासारखं झालं.

यात मालकाचा गाढवपणा नसतो. हे मशीन कसं घडत गेलं, त्या इतिहासातच या त्रासाचं मूळ आहे.

कुकरएवढा दाब

१८८४ मध्ये तुरिन शहरात अँजेलो मोरिओन्दो यांनी वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते मोठं यंत्र होतं, एका वेळी पुष्कळ कॉफी करणारं. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांनी त्याच दिशेनं पुढचं पाऊल टाकलं: एका माणसासाठी, एका कपापुरती कॉफी. दांड्याच्या टोकाला बसवलेल्या गाळणीत कॉफीची पूड भरायची, ती यंत्राला अडकवायची, आणि खाली कप ठेवायचा. आजच्या प्रत्येक मशीनला असणारा पोर्टाफिल्टर तो हाच. बेझ्झेरांचे हक्क देसिदेरियो पावोनी यांनी विकत घेतले, आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात ही 'एस्प्रेसो' कॉफी लोकांसमोर आली. एस्प्रेसो म्हणजे समोरच्या गिऱ्हाइकासाठी, त्याच क्षणी, झटपट केलेली.

पण या यंत्रांत एक अडचण होती आणि ती समजायला आपला प्रेशर कुकर पुरेसा आहे. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारनं जास्त असतो, आणि पाणी सुमारे १२० अंशांवर गेलेलं असतं. वाफेनं दाब वाढवायचा तर पाणी आणखी तापवावंच लागतं. बेझ्झेरा-पावोनींची यंत्रं दीड-दोन बारवर चालायची. त्याहून जोर हवा असेल तर पाणी इतकं तापणार की कॉफी जळणार. दाब आणि तापमान एकाच खुंटीला बांधलेले होते. त्या काळची एस्प्रेसो म्हणजे गरम, कडू, काळी कॉफी. वर फेस नाही.

दांडा आणि फेस

ही गाठ सोडवली मिलानमध्ये कॉफीबार चालवणाऱ्या अकिले गाज्जा यांनी. १९३८ मध्ये त्यांनी पहिलं पेटंट मागितलं. मग युद्ध आलं. युद्धानंतर त्यांची जी रचना बाजारात आली तिच्यात एक लांब दांडा होता. दांडा खाली ओढला की आतली भक्कम स्प्रिंग आवळली जायची आणि पाणी सिलिंडरमध्ये यायचं. दांडा सोडला की स्प्रिंग उलगडत दट्ट्याला ढकलायची आणि पाणी कॉफीतून आरपार जायचं. दाब आठ-नऊ बार, आणि पाणी बेताचंच गरम. दाब देण्याचं काम वाफेकडून काढून स्प्रिंगकडे दिलं, एवढीच युक्ती.

त्यातून दोन गोष्टी कायमच्या ठरल्या. सिलिंडरमध्ये मोजकंच पाणी मावायचं, म्हणून एस्प्रेसोचा कप लहान झाला. आणि एवढ्या दाबाखाली कॉफीतली तेलं आणि कार्बन डायऑक्साइड मिळून वर सोनेरी-तपकिरी फेस येऊ लागला. लोकांना तो आधी संशयास्पद वाटला. गाज्जांनी त्या फेसालाच जाहिरात केलं: ही कॉफीची नैसर्गिक 'क्रेमा', म्हणजे साय. आज फेस नसेल तर लोक कप परत करतात. या दाट सायीसाठी इटलीतले भाजणारे मिश्रणात रोबस्टा घालतात, आणि त्यात कर्नाटक-केरळच्या मळ्यांतली रोबस्टाही असते. भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अनेक वर्षं इटलीच आहे.

१९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई-६१ आलं. त्यात दांड्याची जागा विजेच्या पंपानं घेतली आणि नऊ बारचा दाब सलग मिळू लागला. त्याच्या पुढच्या भागात काही किलो वजनाचं पितळ होतं आणि त्यातून गरम पाणी सतत फिरत राहायचं. त्यामुळे दिवसभर शेकडो कप काढले तरी तापमान फारसं हलायचं नाही. हे जड पितळ लक्षात ठेवा, कारण घरच्या मशीनमध्ये नेमकं तेच नाही.

घरात येताना

इटालियन घरात तोवर दुसरंच भांडं पोचलं होतं. १९३३ मध्ये आल्फोन्सो बियालेत्ती यांच्याकडे तयार झालेलं अॅल्युमिनियमचं अष्टकोनी मोका. खाली पाणी, मध्ये पूड, वर कॉफी. स्वस्त, न बिघडणारं. पण त्याचा दाब पुन्हा वाफेचाच, कुकरच्या जातीचा. म्हणजे मोकाची कॉफी कडक असते, पण गाज्जांच्या अर्थानं ती एस्प्रेसो नाही. इटलीत त्याची फारशी फिकीर कोणी केली नाही. घरी मोका आणि खाली उतरलं की बार, उभ्यानं दोन घोटांत कप संपवायचा. घरात एस्प्रेसो मशीन लागतंच कशाला?

तरी ते आलं. १९५० च्या दशकात गाज्जा कंपनीनं 'गिल्दा' नावाचं घरगुती दांड्याचं मशीन काढलं. १९६१ मध्ये ला पावोनीचं 'युरोपिकोला' आलं, जे आजही बनतं. चकचकीत उभा बॉयलर, वर दांडा. त्यात स्प्रिंग नाही, पंप नाही. नऊ बारचा दाब तुमच्या दंडातून यायचा. हात कमी-जास्त झाला की चव कमी-जास्त. दोन-तीन कप सलग काढले की पुढचा भाग जास्त तापतो आणि कॉफी जळते, म्हणून मालक त्याला ओलं फडकं गुंडाळून थंड करतात. मध्येच पाणी संपलं तर मशीन बंद करून वाफ सोडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, नाहीतर भाजलंच. 'लिव्ह अँड लेट डाय' (१९७३) या बाँडपटात रॉजर मूरचा बाँड स्वयंपाकघरात याच मशीनवर कॉफी करतो, आणि त्याचे साहेब एका कपासाठी चाललेली ती सगळी खटपट बघत उभे राहतात. घरी एस्प्रेसो करणाऱ्याकडे बाकीचं घर साधारण त्याच नजरेनं बघतं.

इथेच या मशीनचं सूत्र दिसतं. बारमधलं मशीन लहान करताना त्यातलं काहीतरी गाळावं लागतं, आणि जे गाळलं ते काम माणसावर येतं. युरोपिकोलामध्ये स्प्रिंग गाळली, म्हणून दंड वापरावा लागला.

पंधरा बारचं गुपित

दंडाला सुट्टी दिली व्हायब्रेशन पंपानं. मुठीत मावेल एवढा हा पंप. विजेच्या वेटोळ्यात एक छोटा दट्ट्या सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होतो. छोटं मशीन सुरू केल्यावर जी घरघर ऐकू येते ती त्याचीच. स्वस्त, हलका आणि जोरदार. १९७७ मध्ये आलेलं गाज्जाचं 'बेबी', १९९१ चं 'क्लासिक', १९९७ चं रांचिलिओचं 'सिल्व्हिया' ही याच वंशातली मशीनं.

खोक्यावरच्या १५ बारचं रहस्यही इथेच आहे. तो आकडा म्हणजे पंपाची कमाल ताकद. कॉफीला हवे असतात नऊच. जास्त दाबानं पूड आवळून बसते, पाणी तिच्यात फट शोधून एकाच बाजूनं पळतं, आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. स्वस्त मशीनसोबत येणारी दुहेरी तळाची गाळणीही अशीच फसवी: सगळी कॉफी एका बारीक भोकातून ढकलून ती फेस करते, पूड कितीही जुनी असो. फेस दिसतो, पण तो कॉफीच्या ताजेपणाचा पुरावा नसतो.

दाब पंपानं सांभाळला, पण तापमान राहिलं. क्लासिकच्या बॉयलरमध्ये जेमतेम १०० मिलीलीटर पाणी मावतं, आणि ई-६१ सारखं जड पितळ नाही. थर्मोस्टॅट साधा, इस्त्रीतल्यासारखा: थंड झालं की चालू, तापलं की बंद. मधल्या वेळात पाणी दहा अंशांहून जास्त वरखाली होतं. एस्प्रेसोला लागतं ९० ते ९६ अंशांच्या दरम्यानचं. म्हणून मालक दिवा विझायची वाट बघू लागले, मग मनात आकडे मोजू लागले. एवढ्या सेकंदांनी बटण दाबलं तर बरी, तेवढ्यांनी दाबलं तर आंबट. पितळेचं काम आता माणसाची आकडेमोड करत होती.

उघडणारा डबा, न उघडणारा डबा

या कटकटीला कंपन्यांचं एक उत्तर होतं: माणूसच काढून टाका. नेस्लेमधले अभियंता एरिक फाव्र यांच्या कॅप्सूलचं पेटंट १९७६ चं, आणि नेस्प्रेसो बाजारात आली १९८६ मध्ये. दळण, वजन, दाबणं सगळं कारखान्यात. कॅप्सूल घाला, बटण दाबा. कप दर वेळी तसाच. सकाळी आठची लोकल गाठायची असेल त्यानं याला नावं ठेवू नयेत. पण त्याची किंमत पाच-सहा ग्रॅम कॉफीच्या प्रत्येक कॅप्सूलबरोबर चुकवावी लागते, आणि मुख्य पेटंटं २०१२ च्या सुमारास संपेपर्यंत कॅप्सूल कोणाची घ्यायची हेही कंपनीच ठरवत होती. मशीन तुमच्या ओट्यावर असतं, पण त्याच्या नाड्या दुसऱ्याच्या हातात.

दुसरं उत्तर मालकांनी दिलं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हौशी लोकांनी सिल्व्हियाचे स्क्रू काढले आणि आत कारखान्यांच्या भट्ट्यांवर वापरला जाणारा पीआयडी कंट्रोलर बसवला. त्यामागचं गणित जहाजांचं: १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाज आपोआप सरळ कसं ठेवावं यावर लिहिताना ते मांडलं होतं. किती चुकलंय, किती वेळ चुकतंय आणि चूक किती वेगानं बदलतेय, या तिन्हींवरून सुकाणू किती वळवायचं हे ठरवायचं. तेच बॉयलरला लावलं आणि पाणी अंशा-दोन अंशांत स्थिर राहू लागलं. क्लासिकच्या मालकांनी आतल्या दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधली छोटी स्प्रिंग बदलली आणि पंधरा बारचे नऊ केले. अगदी थोड्या पैशांचा भाग, अर्ध्या तासाचं काम.

हे जमलं याचं साधं कारण म्हणजे ही मशीनं उघडता येत होती. साधे स्क्रू, दिसणाऱ्या नळ्या, सुटे मिळणारे भाग, आणि बारच्या मशीनला बसते तीच ५८ मिलिमीटरची गाळणी. त्यामुळे पंचवीस-तीस वर्षं जुनी क्लासिक आजही नवं रबर आणि नवा पंप घालून चालू असतात.

मशीन विकत घेताना बारची संख्या बघण्यापेक्षा हे बघावं: हे उघडतं का, आणि याचा सुटा भाग मिळतो का? रेडिओ, मिक्सर, स्कूटर यांच्या बाबतीत आपल्या आधीच्या पिढीला हा प्रश्न विचारावाच लागायचा नाही, कोपऱ्यावर दुरुस्तीवाला असायचा. न उघडणाऱ्या वस्तूंनी भरलेल्या घरात तो प्रश्न आता नव्यानं विचारावा लागतो.

२०१५ मध्ये क्लासिकची रचना बदलली आणि कप काढल्यावर दाब सोडून देणारा जुना सोलेनॉइड व्हॉल्व्ह गेला. जुने मालक नाराज झाले. काही वर्षांतच नवी आवृत्ती आली, व्हॉल्व्ह परत आला. त्यानंतरच्या 'इव्हो' आवृत्तीत कारखान्यानंच नऊ बारची स्प्रिंग बसवून दिली. तीच, जी लोक इतकी वर्षं घरी, चहाच्या टेबलावर स्क्रू पसरून, स्वतःच्या हातानं बसवत होते.